दर महिन्याला बदललेला फिल्टर पांढराच का निघत होता: शिकागोजवळच्या एका फर्नेसचे प्रकरण

घर नेपरव्हिलचे, म्हणजे शिकागोच्या पश्चिमेला साधारण तीस मैलांवर. दुमजली, खाली पूर्ण बेसमेंट, १९९८ चे बांधकाम. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, २०१३ मध्ये बसवलेली: नैसर्गिक गॅसवर चालणारी, ८०,००० बीटीयू (तासाला मिळणारी उष्णता मोजायचे एकक) इनपुटची, ९६ टक्के कार्यक्षमतेची, एकाच स्टेजची, आणि तिच्या डोक्यावर तीन टनी एसीची कॉइल. एका मराठी कुटुंबाने हे घर २०२१ मध्ये विकत घेतले. २०२३ च्या दिवाळीनंतर नाशिकहून आजी-आजोबा राहायला आले. पुढे जानेवारीच्या मध्यावर शिकागो परिसरात पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला, त्याच आठवड्यात घर तापेनासे झाले.

थर्मोस्टॅट ७२ वर लावलेला, घर मात्र ६६ वर अडकलेले (सेल्सियसमध्ये १९ च्या आसपास). वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोल्या त्याहून गार. फर्नेस पेटायची, चार-पाच मिनिटे चालायची आणि विझायची. व्हेंटमधला वारा चालूच राहायचा, पण आधी गरम, मग कोमट, मग थेट गार. सात-आठ मिनिटांनी पुन्हा पेटायची. दिवसभर घरात असलेल्या आजोबांच्या हे सगळ्यात आधी लक्षात आले. "अरे, भट्टी परत विझली बघ. वारा मात्र सोडतेय," असे ते मुलाला दिवसातून चार वेळा सांगत होते, आणि निदान म्हणून ते वाक्य चोख होते. गॅस येत नसता किंवा ठिणगी पडत नसती, तर भट्टी पेटलीच नसती. पेटून, तापून, मग विझते आणि वारा सुरूच राहतो, म्हणजे भट्टी स्वतःच स्वतःला बंद करते आहे.

फिल्टरवर संशय घ्यायला घरातले कोणी तयार नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फिल्टर बदलला जात होता. वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, भिंतीत उंचावर असलेल्या रिटर्नच्या (खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या) जाळीत २०×२०×१ चा फिल्टर, तोही महागातला, मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो ते सांगणारा आकडा). आणि तो निघायचा जवळजवळ कोरा. घर स्वच्छ आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला होता.

आधी एक तंत्रज्ञ येऊन गेला होता. त्याने हाय लिमिट स्विच, म्हणजे भट्टी फार तापली की गॅस बंद करणारा स्विच, बदलला. चार दिवस बरे गेले, कारण त्या चार दिवसांत थंडी थोडी उतरली होती. मग पुन्हा तेच. त्यानंतर 'फर्नेस लहान पडते, मोठी बसवा' असा सल्ला आणि त्याचे अंदाजपत्रक हातात आले.

लिमिट स्विच का तुटत होता

फर्नेसचा वारा एका ठरलेल्या वाटेने फिरतो. खोल्यांमधल्या रिटर्नच्या जाळ्यांतून हवा ओढली जाते, रिटर्न डक्टमधून खाली येते, फिल्टरमधून जाते, मग ब्लोअरमध्ये, म्हणजे फर्नेसच्या मोठ्या पंख्यात. ब्लोअर ती हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे आतून आगीने तापलेल्या पत्र्याच्या नळ्यांवर, ढकलतो, हवा तापते, एसीच्या कॉइलमधून पार होते आणि सप्लाय डक्टने खोल्यांत परतते. आगीचा धूर या हवेत मिसळत नाही. तो हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या आतून फिरून पांढऱ्या पीव्हीसी पाइपने बाहेर पडतो.

आग ठरलेल्या दराने उष्णता देतच राहते. ती वाहून नेणारी हवा कमी पडली, की तीच उष्णता थोड्या हवेत कोंबली जाते आणि हवा जास्त तापते. तापमान धोक्याच्या पातळीला गेले, की हाय लिमिट स्विच 'तुटतो', म्हणजे उघडून गॅस बंद करतो. ब्लोअर फिरत राहतो, कारण आतले पत्रे थंड करायचे असतात. थंड झाले, की स्विच आपोआप जुळतो आणि भट्टी पुन्हा पेटते. आजोबा जे पाहत होते ते हेच. स्विच आपले काम नीट करत होता, त्याला बदलून काही साधणार नव्हते.

या फर्नेसच्या खालच्या दाराला छोटी काचेची खिडकी आहे. तिच्यातून आतल्या बोर्डावरचा लाल दिवा दिसतो. तो चार वेळा लुकलुकून थांबत होता. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात चार लुकलुकींसमोर 'लिमिट स्विच उघडलेला' असेच लिहिले आहे. (प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. दुसऱ्याच्या फर्नेसचा तक्ता बघून आपले निदान करू नये. आणि दार उघडण्याआधी दिवा मोजावा, कारण दार उघडताच वीज तुटते आणि कोड जातो.)

मग मोजमाप. रिटर्न डक्टमधली हवा ६६ अंश फॅरनहाइट. सप्लाय प्लेनममध्ये (तापलेली हवा जिथून डक्टमध्ये शिरते त्या पेटीत), कॉइलच्या वर, भट्टी विझण्याच्या क्षणी १५८. फरक ९२ अंशांचा. फर्नेसच्या नामपट्टीवर हा फरक ४० ते ७० च्या दरम्यान असावा असे छापले आहे. हिशेब साधा आहे: आउटपुट बीटीयूला १.०८ ने आणि तापमानाच्या फरकाने भागले, की मिनिटाला किती घनफूट हवा वाहते ते निघते. ८०,००० चे ९६ टक्के म्हणजे ७६,८००. त्याला (१.०८ × ९२) ने भागले, की ७७० च्या आसपास. या यंत्राला हवी १,२०० च्या घरात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा कुठेतरी अडत होती. फर्नेस लहान नव्हती, तिला श्वास घेता येत नव्हता. मोठी फर्नेस याच डक्टला आणि याच अडथळ्याला जोडली असती, तर जास्त उष्णता तेवढ्याच हवेत, आणि लिमिट याहून लवकर तुटला असता.

पांढऱ्या फिल्टरचा अर्थ

या घरात दिवसाला दोनदा फोडणी होते. चुलीवरचा हूड मायक्रोवेव्हमधलाच, हवा बाहेर न टाकता जाळीतून गाळून स्वयंपाकघरातच परत सोडणारा. अमेरिकेतल्या घरांत असे हूड सर्रास आढळतात. शिवाय सकाळ-संध्याकाळ देवापुढे निरांजन आणि उदबत्ती. तेलाची वाफ आणि काजळी फिल्टरच्या धाग्यांवर चिकट थर करते आणि धूळ त्या थरावर बसते. अशा घरात थंडीचे तीस दिवस, रोजचे आठ-दहा तास ब्लोअर चालत असताना फिल्टर पांढरा निघतो, याचा अर्थ एकच: त्याच्यातून हवा फारशी जातच नाही.

टिश्यू पेपरचा चौथा भाग फाडून त्या जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. नुसता थरथरला. तोच तुकडा खालच्या मजल्यावरच्या हॉलमधल्या, फिल्टर नसलेल्या रिटर्नवर धरला, तर कसाबसा चिकटला. तिथेही ओढ मंदच. दोन्हीकडे ओढ कमी, म्हणजे अडथळा दोन्ही वाटा एकत्र येतात त्याच्या पुढे, फर्नेसच्या तोंडाशी. त्यात वरच्या वाटेवर मर्व्ह १३ ची जाड जाळी, म्हणून ब्लोअर जी थोडी हवा ओढत होता ती सोप्या वाटेने, खालच्या मजल्यावरून. वरच्या खोल्यांतली गार हवा परत येतच नव्हती. म्हणून तिथे गारठा जास्त.

घर घेताना पाहणी करणाऱ्याने 'रिटर्न जाळीत फिल्टर' असे लिहून ठेवले होते. कुटुंबाने ते खरे धरले. खरे पाहता त्या घरात त्या जागी फिल्टर कधी अपेक्षितच नव्हता. आधीच्या कोणीतरी तो तिथे टाकला होता, बहुधा खरा सापडला नाही म्हणून.

खरा फिल्टर कुठे होता

फर्नेसच्या उजव्या अंगाला वरून खाली उतरणारी रिटर्नची चौकोनी पत्र्याची पेटी आहे. पेटी आणि फर्नेस यांच्या मध्ये एक इंच रुंद, सोळा इंच उंच अशी उभी फट. फिल्टर पुढून आत सरकवायचा, पुस्तकांच्या रांगेत एखादे पुस्तक घालावे तसा. फटीवर पत्र्याचे झाकण असायला हवे. इथे झाकण नव्हते, फॉइल टेपची पट्टी लावलेली होती. आणि त्या टेपसमोर, जेमतेम दोन इंचांवर, वरून खाली जाणारा पाऊण इंची पांढरा पाइप. फर्नेसचे आणि एसीचे पाणी जमिनीतल्या ड्रेनमध्ये सोडणारा.

९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या फर्नेसमध्ये धुरातली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, म्हणून असा निचरा लागतोच. २०१९ मध्ये आधीच्या मालकांनी बेसमेंटला भिंती घातल्या, फर्नेसभोवती खोली झाली, जुनी निचऱ्याची वाट बंद झाली आणि पाइप सोयीचा म्हणून पुढून उतरवला. सरळ आणि नीटनेटका, पण बरोबर फिल्टरच्या वाटेत. त्यानंतर तो फिल्टर कोणीच बाहेर काढला नव्हता. टेप सोलल्यावर पुठ्ठ्याच्या कडेवर मार्करने लिहिलेली तारीख दिसली: १० / १८. ऑक्टोबर २०१८. पाच वर्षे आणि तीन महिने. मधल्या काळात बेसमेंटच्या भिंतींना पॉलिश पेपर मारताना उडालेली जिप्समची भुकटीही याच फिल्टरने खाल्ली होती. ही भुकटी पिठाहून बारीक असते आणि फिल्टर तुंबवण्यात तिच्याइतके पटाईत काही नाही. घरात ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्यांच्या भिंती) घासायचे काम सुरू असेल, तर त्या दिवसांत फर्नेस आणि एसी बंद ठेवून त्या खोलीतल्या जाळ्या झाकाव्यात. काम संपले, की त्याच दिवशी फिल्टर बदलावा.

काढताना काय बिघडले

पहिला प्रयत्न पाइपाला वळसा घालून फिल्टर तिरका ओढण्याचा झाला. पाइपावर पूर्वी कधीतरी थेंबगळती झाली होती, त्यामुळे पुठ्ठ्याची खालची कड ओली होऊन फुगली आणि वाळून पत्र्याला चिकटली होती. पुढची सहा इंच पट्टी हातात आली, बाकीचा भाग आत. घड्या राखाडी नमद्यासारख्या, एकमेकींना चिकटून एकच जाड पत्रा झालेल्या. खालचा मागचा कोपरा आत चेपलेला, सुमारे दोन इंचांचे भोक. त्या भोकासमोर फर्नेसच्या आत धुळीचा काळसर ओघळ ब्लोअरपर्यंत गेलेला. हवा गाळली जात नव्हती आणि पुरेशी मिळतही नव्हती, दोन्ही एकाच वेळी.

दुसरा मोह नवा फिल्टर मुडपून पाइपामागून आत घालण्याचा असतो. तसे करू नये. घड्यांना आधार देणारी तारेची जाळी एकदा दुमडली, की सरळ होत नाही, कडेला फट राहते, आणि हवा नेहमी फटीतूनच जाते. दुमडलेला फिल्टर ब्लोअरच्या ओढीने धनुष्यासारखा वाकतो, कधी चौकटीतून सुटून ब्लोअरपर्यंत जातो.

म्हणून आधी पाइप हलवायचा. इथे सगळ्यात मोठी चूक होऊ शकते ती पाइप ओळखण्यात. या फर्नेसमधून पांढरे पीव्हीसीचे तीन पाइप निघतात. त्यांतले दोन जाड, दोन-दोन इंची: एक ज्वलनासाठी बाहेरची हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. तिसरा बारीक, पाऊण इंची, पाण्याचा. रंग आणि माल तोच. जाड पाइपांना करवत लावायची नाही, सांधा ढिला करायचा नाही, टेकूही हलवायचा नाही. धुराच्या पाइपात सांधा सुटला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. काळा लोखंडी किंवा पिवळा वेष्टणाचा पाइप गॅसचा, तो परवानाधारकाशिवाय कोणी हात लावण्याची गोष्टच नाही.

काम या क्रमाने झाले. थर्मोस्टॅट 'ऑफ', पंखा 'ऑटो' वर. ब्लोअर पूर्ण थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटे. मग फर्नेसच्या अंगावरचा दिव्याच्या बटणासारखा स्विच खाली. तो बरेचदा लाल पट्टीचा असतो आणि बेसमेंटच्या जिन्याजवळही असू शकतो, दिव्याचा समजून कोणी बंद केला की 'हीटर मेला' अशी ओरड होते. खाली टॉवेल आणि पसरट डबा. निचऱ्याचा पाइप दोन जागी कापला, अर्धा पेला पाणी निघाले. हे पाणी आम्लधर्मी असते, हात धुवावेत आणि सिमेंटच्या फरशीवर सांडलेले लगेच पुसावे. वरच्या आणि खालच्या टोकाला पाऊण इंची पीव्हीसी युनियन बसवले: आधी जांभळा प्रायमर, मग सॉल्व्हंट सिमेंट, पाव वळसा देऊन अर्धा मिनिट दाबून धरायचे. युनियन म्हणजे हाताने फिरवून उघडणारा सांधा. आता फिल्टर काढायचा तर दोन नट फिरवायचे आणि मधला तुकडा बाजूला ठेवायचा. पाइप कायमचा डावीकडे वळवणे अधिक चांगले झाले असते, पण तिथे भिंतीचा खांब आहे आणि आडव्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार मिळत नव्हता. उतार नसेल तर पाणी साचते आणि फर्नेस दुसऱ्याच कारणाने बंद पडते.

आत राहिलेले तुकडे काढायला फर्नेसचे खालचे दार उघडावे लागले. दोन स्क्रू, मग दार वर उचलून पुढे ओढायचे. टॉर्च, लांब चोचीचा पक्कड आणि व्हॅक्यूमची चपटी नळी. ब्लोअरच्या खोक्यावर पुठ्ठ्याचे चार तुकडे पडलेले, एक थेट चाकाच्या तोंडाशी. तो आत गेला असता तर पहिल्याच फेरीत चाकाचा तोल बिघडला असता. फटीच्या चारही कडा ओल्या फडक्याने पुसल्या. पुठ्ठ्याचा चिकटलेला थर पुटीच्या बोथट पात्याने खरवडला. टोकदार काही वापरू नये, पत्रा कापतो.

आजोबांनी सुचवले, "टाकता कशाला? धुऊन लावा की, आपल्याकडे एसीची जाळी धुतो तशी." नाशिकच्या घरातल्या स्प्लिट एसीसाठी ते बरोबरच आहे, तिथली जाळी प्लास्टिकची असते, नळाखाली धुऊन वाळवून परत लावतात. इथला घडीचा फिल्टर बारीक तंतूंच्या कापडाचा, पुठ्ठ्याच्या चौकटीत. पाणी लागले की घड्या बसतात, चौकट गळते आणि तंतूंवरचा बारीक धूळ ओढून घेणारा विद्युतभार निघून जातो. ज्यावर 'धुण्याजोगा' असे छापले आहे तेवढाच धुवायचा.

कोणता, किती आणि कुठल्या दिशेने

जुन्या चौकटीवर १६×२५×१ असे छापले होते. हे नाममात्र माप. खरे माप प्रत्येक बाजूने सुमारे पाव इंच कमी असते, १५¾ × २४¾ × ¾. टेपने मोजून 'पावणेसोळा' मागायला गेलेला माणूस दुकानात हैराण होतो. छापलेलेच माप मागावे. छाप पुसली असेल तर मोजून वरच्या पूर्णांकाला न्यावे.

आता मर्व्ह. अमेरिकेत ही मोजपट्टी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ५२.२ या मानकातून आलेली आहे, आकडा जितका मोठा तितकी बारीक धूळ अडते. मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे कण किमान ७० टक्के अडवतो. परागकण, कापडाचा कूस आणि अंगणातली धूळ यांना तेवढे पुरते. मर्व्ह १३ त्याहून बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनचेही निम्मे अडवतो, त्यात धूर येतो. वाचून प्रत्येकाला १३ च हवासा वाटतो. पण एक इंच जाडीच्या चौकटीत कापड मावून मावून किती मावणार! १६×२५ चा चौरस म्हणजे २.७८ चौरस फूट. त्यातून मिनिटाला १,२०० घनफूट हवा काढायची, म्हणजे मिनिटाला सव्वाचारशे फुटांहून जास्त वेग. एक इंची फिल्टरसाठी ३०० च्या आसपास बरे. हे डक्ट मुळातच चिंचोळे आहे, त्यात १३ बसवला की नवा असतानाच तो अर्धा तुंबलेल्या ८ सारखा वागेल. म्हणून इथे मर्व्ह ८, घडीचा, बसवला आणि वरच्या पॅसेजच्या जाळीतला फिल्टर कायमचा काढून टाकला. एका हवेला दोनदा गाळून ती दुप्पट स्वच्छ होत नाही, ब्लोअरची मात्र दुप्पट दमछाक होते.

धुराचा, स्वयंपाकाच्या वासाचा त्रास असेल आणि १३ हवाच असेल, तर मार्ग जाडीचा आहे: फटीच्या जागी चार इंची फिल्टरची पेटी, १६×२५×४. तोंड तेवढेच, पण घड्या खोल असल्याने कापड कितीतरी जास्त, त्यामुळे अडथळा कमी आणि आयुष्य सहा महिन्यांपर्यंत. त्यासाठी रिटर्नची पेटी कापून बाजूला सरकवावी लागते. ते पत्र्याचे काम करणाऱ्याकडेच द्यावे. या घराने ते पुढच्या उन्हाळ्यावर टाकले.

दुकानात काही फिल्टरांवर मर्व्हऐवजी एमपीआर किंवा एफपीआर लिहिलेले असते. त्या कंपन्यांच्या आणि दुकानांच्या स्वतःच्या पट्ट्या आहेत. एमपीआर १००० म्हणजे साधारण मर्व्ह ११, हजार बघून घाबरायचे कारण नाही, आणि एफपीआर १० म्हणजे मर्व्ह १० नव्हे.

चौकटीवर बाण असतो. तो हवेच्या वाटेने, म्हणजे फर्नेसकडे, ब्लोअरकडे. इथे रिटर्नची पेटी उजवीकडे, म्हणून बाण डावीकडे. तारेची जाळी ब्लोअरच्या बाजूला येते, ओढीने घड्या फुगू नयेत म्हणून ती तिथे. उलटा लावला तर घड्यांना मागून आधार राहत नाही. फटीजवळच्या पत्र्यावर मार्करने मोठा बाण काढला, शेजारी माप लिहिले, आणि प्रत्येक नव्या फिल्टरच्या बाहेरच्या कडेवर तारीख. टेप काढून चुंबकाची पट्टी लावली, ती ओढली की निघते आणि सोडली की चिकटते. उघडी फट ठेवली, तर ब्लोअर बेसमेंटची धूळ थेट फिल्टरला वळसा घालून ओढतो. कापडी डक्ट टेप डक्टला लावू नये, नाव काहीही असले तरी. उष्णतेने गोंद वाळून ती सुटते.

दार बसवताना खालची कड आधी खाचेत, मग वरची आत. दारामागे एक बटण असते, दार नीट बसले नाही तर ते दाबले जात नाही आणि फर्नेसला वीजच मिळत नाही. फिल्टर बदलल्यावर 'फर्नेस सुरूच होत नाही' म्हणून येणाऱ्या फोनांचे कारण पुष्कळदा हेच असते. ते बटण टेपने दाबून ठेवून दार उघडे चालवायचे नाही. उघड्या दाराने ब्लोअर बेसमेंटची हवा खेचतो, त्यात शेजारी वॉटर हीटर असेल तर त्याचा धूरही.

नंतरचे आकडे

पहिल्या दिवशी, नुसता फिल्टर बदलून आणि वरचा काढून: पंधरा मिनिटे सलग चालल्यावर रिटर्न ६७, सप्लाय १३८, फरक ७१. लिमिट तुटला नाही, पण फरक नामपट्टीच्या वरच्या टोकाला एक अंश ओलांडून होता. कारण ब्लोअरचे चाक. भोकातून आलेली धूळ चाकाच्या वक्र पात्यांत पोळ्यासारखी बसली होती. पात्याची खोलगट बाजू भरली की ते हवा उचलत नाही, नुसते फिरते. तंत्रज्ञाने ब्लोअर बाहेर काढून चाक धुतले आणि एसीच्या कॉइलची खालची बाजू ब्रशने झाडली. सेकंडरी हीट एक्स्चेंजर, म्हणजे ब्लोअरच्या लगेच वरची बारीक पत्र्यांची जाळी, तिच्यावरही धुळीचा पातळ पडदा होता. तिथे हात पोचवणे फार अवघड असते, वेळीच निघाला. मग रिटर्न ६७, सप्लाय १२६, फरक ५९. उलट हिशेब केला की १,२०० घनफूट. स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना ब्लोअरवर येणारा दाब (तो पाण्याच्या इंचांत मोजतात), आधी ०.९२ इंच होते, आता ०.५८. बहुतेक घरगुती फर्नेसची नामपट्टी ०.५० ची असते. उरलेला फरक जुन्या चिंचोळ्या डक्टचा, तो फिल्टरने सुटणारा नाही.

ब्लोअरची मोटर जुन्या पद्धतीची, ठरावीक वेगाची होती, म्हणून अडथळा वाढताच हवा कमी झाली आणि तक्रार दिसली. अमेरिकेत जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या घरगुती गॅस फर्नेसमध्ये सहसा ईसीएम मोटर असते. ती अडथळा वाढला तर जास्त जोराने फिरून हवा पुरवत राहते. तिथे लिमिट उशिरा तुटतो, पण विजेचे बिल आणि आवाज आधी वाढतात. अशा घरात व्हेंटची शिट्टी ऐकू येऊ लागली, की आधी फिल्टर बघावा.

वारंवार लिमिट तुटल्याने हीट एक्स्चेंजर तापतो-थंड होतो, तापतो-थंड होतो, आणि पत्र्याला भेग पडू शकते. म्हणून तंत्रज्ञाने एक्स्चेंजर आतून पाहिला आणि धुरातले कार्बन मोनॉक्साइड मोजले. दोन्ही ठीक. त्याच दिवशी घरातले कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म तपासले. इलिनॉयमध्ये २००७ पासून झोपायच्या प्रत्येक खोलीच्या १५ फुटांच्या आत असा अलार्म असणे कायद्याने बंधनकारक आहे. आजी-आजोबांच्या खोलीजवळचा काढून ठेवलेला होता, फोडणीच्या धुराने वाजतो असे समजून. फोडणीने वाजतो तो धुराचा अलार्म, हा नव्हे.

ज्यांच्या घरी भिंतीलगत लोखंडी रेडिएटर किंवा जमिनीलगत गरम पाण्याच्या पट्ट्या आहेत, न्यू जर्सी आणि बॉस्टनकडच्या जुन्या घरांत असतात तशा, त्यांनी फिल्टर शोधत बसू नये. तिथे हवाच फिरत नाही, त्यामुळे फिल्टरही नसतो. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तो बहुधा हॉलमधल्या मोठ्या रिटर्नच्या जाळीमागे किंवा कपाटातल्या एअर हँडलरच्या तळाशी असतो, आणि कोणी बदलायचा ते भाडेकरारात लिहिलेले असते.

नव्या फिल्टरांतला पहिला दोन आठवड्यांतच काढला, डक्टमध्ये साठलेली जिप्समची भुकटी त्याच्यावर येऊन बसली होती, पांढरट आणि कोरडी. दुसरा पाच आठवडे चालला. तो मार्चमध्ये निघाला तेव्हा सगळ्या घड्या एकसारख्या राखाडी होत्या, स्वयंपाकघराकडून येणाऱ्या बाजूला किंचित पिवळट, आणि हाताला तेलकट.